वाचलेल्या माशांची टाकी

"आहे," कोचरेकर काका म्हणाले.

मी लिहिलं, आहे.

काचेची कांडी त्यांनी पुढच्या माशाच्या शेपटीला अलगद लावली. मासा सुळकन बाजूला झाला. "हासुद्धा आहे."

चाचणीचा चौथा आणि शेवटचा दिवस होता. टेबलावर काचेच्या टाक्या ओळीनं मांडलेल्या, प्रत्येकीत दहा गप्पी मासे. पहिल्या टाकीत नुसतं साधं पाणी. पुढच्या प्रत्येक टाकीत कारखान्याच्या औषधाचं प्रमाण वाढत गेलेलं, शेवटच्या टाकीत सगळ्यांत जास्त. एकानं कांडी लावायची आणि दुसऱ्यानं लिहायचं, ही आमच्या प्रयोगशाळेची पद्धत. कांडी लावून मासा हलला नाही, कल्ल्यांची उघडझापही दिसली नाही, तर तो मेला असं धरायचं. पण 'मेला' हा शब्द काकांनी कधी तोंडातून काढला नाही. ते 'आहे' म्हणायचे नाहीतर 'गेला'. कुणाच्या घरी समाचाराला गेल्यासारखा आवाज काढून 'गेला' म्हणायचे, आणि सुरुवातीला मला हसू आवरायचं नाही.

त्या दिवशी मात्र 'गेला' येतच नव्हतं. टाकीमागून टाकी झाली, आहे, आहे, आहे. अगदी शेवटच्या टाकीतसुद्धा दोनच मासे तळाशी पडले होते, बाकीचे मजेत फिरत होते. मी नव्यानं नोकरीला लागले त्या वर्षीच्या दिवाळीत ह्याच कारखान्याचं असंच औषध आमच्याकडे आलं होतं, तेव्हा निम्म्याहून जास्त मासे दुसऱ्या दिवशीच उलटे झाले होते. यंत्रं थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या नळ्यांत बुळबुळीत थर साचतो, तो काढायचं ते औषध. वापरलेलं पाणी शेवटी खाली खाडीत सुटणार. म्हणून ते माशांना किती बाधतं हे आधी बघायचं आणि आमच्या अहवालावर सरकारी परवानगी अवलंबून राहायची.

आमचे संचालक डॉक्टर सबनीस येऊन टाक्यांकडे बघून गेले. कारखानावाले या वेळी औषध बरंच मवाळ केलंय म्हणत होते, ते खरं निघालं, असं म्हणून त्यांनी समाधानानं चष्मा पुसला. सोमवारी अहवालावर तिघांच्या सह्या व्हायच्या होत्या. त्यांची, काकांची आणि माझी.

"झालं तर मग," काका म्हणाले. "शैला, तू जाऊन चहा घे. मी उरलेल्यांचं बघतो."

चाचणीतून वाचलेले मासे पुन्हा वापरायचे नाहीत, हा नियम. त्यांना परत साठ्यात टाकायचं नाही आणि बाहेरही सोडायचं नाही. बादलीत लवंगेचं तेल घालून त्यांना झोपवायचं, ती झोप कायमची. हे काम काका नेहमी एकटेच करायचे आणि मला चहाला पिटाळायचे. तरण्या पोरीनं ते बघू नये म्हणून करत असतील, असं मी समजत होते आणि मनातून त्यांचे आभार मानत होते.

कातळपेठेत माझं म्हणावं असं हे एकच माणूस होतं. मी तासगावकडची, द्राक्षांच्या मुलखातली. प्राणिशास्त्रात पदवी घेतली आणि घरच्यांच्या नाकावर टिच्चून या कातळावरच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला आले. नाकावर टिच्चून आलेल्या माणसाला परत जाता येत नाही, हे मला इथं आल्यावर कळलं. रेशन दुकानाच्या मागं एक खोली मिळाली होती. घरमालकीण भली बाई, पण सून बाळंतपणाला गेलेली आणि स्वतः जपात बुडालेली. रविवारी दुकानदाराशी चार शब्द झाले तर झाले, नाहीतर सकाळपासून रात्रीपर्यंत माझा आवाज मला ऐकू यायचा नाही. मी मग भांडी घासताना मुद्दाम मोठ्यानं बोलायची, कुणी ऐकलं तर वेडी म्हणेल या भीतीनं पुन्हा गप्प व्हायची.

काकांची बायको मी येण्याच्या थोडं आधी, त्याच वर्षीच्या पावसाळ्यात गेली होती. मूलबाळ नव्हतं. वेंगुर्ल्याकडचा माणूस, तिकडे भाऊबंदांचं घर होतं, पण हे इथं स्टँडमागच्या दोन खोल्यांत राहायचे आणि दर शनिवारी माशाचं कालवण करून डब्यात माझा वाटा आणायचे. मला मासे खायला त्यांनीच शिकवलं. पहिल्याच आठवड्यात बाजारात नेऊन पारू भोईणीसमोर उभं केलं आणि म्हणाले, "हिला घाटावरची म्हणून फसवू नको हां. मला कळेल." तेव्हापासून पारू मला घरच्या लेकीसारखी 'बाय' म्हणायची आणि पाटीच्या तळाची ताजी बोय मासळी काढून द्यायची. काकांमुळे मला त्या गावात निदान एक हाक मारणारी मिळाली होती.

दुसऱ्या दिवशी शनिवार, अर्धा दिवस. सबनीस दुपारीच गेले. मी साठ्याच्या टाकीला खाणं घालायला गेले. व्हरांड्यात ती मोठी टाकी होती. चाचणीसाठी लागणारे मासे त्यातूनच घ्यायचे. खाणं भुरभुरलं की सगळे एकदम वर झेपावतात. त्या गर्दीत एक मादी मागं राहिली. तिची पाठ मधोमध वाकलेली होती आणि शेपटीच्या मुळाशी एक खवला गेलेला होता. ती तिरकी तिरकी पोहत वर आली आणि उरलंसुरलं खाऊ लागली.

तिला मी ओळखत होते. त्या पहिल्या दिवाळीतल्या चाचणीत सगळ्यांत जहाल टाकीत ही एकटीच जगली होती, पण पाठ कायमची वाकली होती. मी तिचं चित्र काढून काकांना दाखवलं होतं आणि ते म्हणाले होते, चिवट आहे गो. मग त्यांनी मला चहाला पाठवलं होतं.

मी टाकीशी वाकून पुन्हा पुन्हा बघितलं. दुसरी कुणी असेल अशी मनाची समजूत घालायचा प्रयत्न केला. पण मी चित्रात काढलेली, खवला गेलेली ती जागा हुबेहूब तीच होती. वाचलेले मासे मारले जात नव्हते, हे त्या एका माशावरून मला एका झटक्यात समजलं.

काका मागच्या अंगणात टाक्या विसळत होते. मी त्यांना सरळच विचारलं, की वाकडी मादी साठ्यात कशी आली.

 त्यांनी नळ बंद केला, हात धोतराच्या सोग्याला पुसावेत तसे पँटला पुसले आणि म्हणाले, "ये."

जनरेटरच्या शेडमागं पत्र्याच्या सावलीत एक जुनी सिमेंटची टाकी होती. बांधकामाच्या वेळची असेल. वर जाळी, जाळीवर एक फळी. काकांनी फळी बाजूला केली. आत हिरवंगार पाणी, पाणवनस्पती आणि त्यात शेकड्यांनी गप्पी. नरांच्या रंगीत शेपट्या इकडून तिकडे फिरत होत्या. बारीक पिल्लं कडेला गोळा झाली होती.

"हे सगळे वाचलेले," काका म्हणाले. "आणि त्यांची पिल्लं. दर चाचणीनंतर आणून सोडतो."

त्यांच्या चेहऱ्यावर अपराध नव्हता. पाहुण्याला आपली परसबाग दाखवणाऱ्या माणसाचा असतो तसा तो चेहरा होता, आणि मला त्याचंच जास्त वाईट वाटलं.

मी विचारलं, नियम माहीत असून असं का केलं. तेव्हा त्यांनी जे सांगितलं ते मी त्यांच्याच शब्दांत देते.

"आमची ही गेली. बारावं झालं आणि कामावर आलो. त्या दिवशी एक चाचणी संपलेली होती. बाटली उघडली तर लवंगेचा वास आला. हिची दाढ दुखायची, वर्षानुवर्षं. कापसाचा बोळा लवंगेच्या तेलात बुडवून धरायची गालात, आणि तशीच झोपायची. सगळ्या खोलीला तो वास. मी नाकाला हात लावून चिडायचो तिच्यावर." त्यांनी पाण्यावरचं एक वाळकं पान उचलून टाकलं. "नाही जमलं गो मला. बाटलीला बूच लावलं ते लावलं. वाचलेल्यांना इथं आणून सोडलं. म्हटलं, एवढ्या विषातून जगलेत, आता मी कशाला मारू."

दीड वर्ष मी त्या प्रयोगशाळेत काम करत होते आणि तिथं लवंगेचा वास मला एकदाही आला नव्हता. हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

"पण मग ते साठ्यात कसे गेले?"

तेही साधंच होतं. गेल्या मे महिन्यात मी गावी गेले असताना वीज गेली, ती दीड दिवस आली नाही. जनरेटर नादुरुस्त. हवेचे पंप बंद पडले आणि उन्हानं तापलेल्या साठ्याच्या टाकीतला एकूणएक मासा मेला. सबनीसांना सांगितलं असतं तर बाहेरून मासे मागवावे लागले असते, आलेले मासे पाण्याला रुळेपर्यंत चाचण्या थांबल्या असत्या. काकांनी मागच्या टाकीतली पिल्लं नेऊन साठा भरून काढला. नंतर टाकी विरळ झाली की इथूनच भर घालत गेले. गेल्या आठवड्यात घातली त्यात वाकडी गेली असणार.

"म्हटलं, घरचेच मासे आहेत," ते म्हणाले.

 त्यांना समजावून सांगायची गरजच नव्हती. काका काही अडाणी नव्हते, माझ्याच विषयाचे पदवीधर, माझ्यापेक्षा तीस-बत्तीस वर्षं आधीचे. या कारखान्याचंच औषध आमच्याकडे वरचेवर यायचं. त्यातून जे मासे जगले ते मुळातच चिवट. त्यांची पिल्लं त्यांच्याहून चिवट. अशा माशांवर औषध तपासून ते निरुपद्रवी ठरवायचं, म्हणजे पैलवानाला लाडू पचला म्हणून तो तान्ह्या बाळाला भरवायचा. खाडीतल्या माशांनी हे विष कधी चाखलेलं नव्हतं.

माझ्या चेहऱ्यावरून ते त्यांच्यापर्यंत पोचलं असावं. ते टाकीच्या कठड्यावर हळूच बसले.

"पावसाळ्यापासून 'गेला' कमी येत होतं," ते म्हणाले. "मला दिसत होतं. विचार करायला हवा होता की का कमी येतंय. पण मला बरं वाटायचं गो. खरं सांगतो तुला, घरी जाताना बरं वाटायचं."

"काका, मी सही करू शकत नाही."

"नाही करायची."

"सोमवारी सरांना सांगावं लागेल."

"हो. माझं नाव घ्यावं लागेल ना?"

"घ्यावंच लागेल. नुसती ही चाचणी नाही. मे महिन्यापासूनच्या सगळ्याच."

त्यांनी मान हलवली. फळी पुन्हा जाळीवर ठेवली, नीट, कोपऱ्याला कोपरा लावून. मग आत जाऊन पिशवीतून डबा काढला आणि नेहमीसारखा माझ्या हातात दिला. शेंगटी माशाचं कालवण होतं. मी तो खोलीवर नेला आणि जेवले. भूक लागली होती म्हणून जेवले, आणि जेवता जेवता रडू आलं म्हणून रडले. दोन्ही एकदमच चाललं होतं.

 रविवारभर मी पळवाटा शोधत होते. मासे आजारी वाटतात, चाचणी पुन्हा करू, एवढंच सांगितलं तर? काकांचं नाव न घेता नवे मासे आणता येतील. पण मग मे महिन्यापासून जे अहवाल बाहेर गेले होते त्यांचं काय? ते कुठंकुठं कुणाच्या परवानगीला जोडलेले असतील, ते पाणी कुठल्या ओढ्यात, कुठल्या नदीत सुटत असेल? एक लपवायचं तर सगळंच लपवावं लागत होतं. दुसरीकडे माझ्या डोळ्यांपुढं तो कठड्यावर बसलेला माणूस होता. निवृत्तीला थोडीच वर्षं राहिलेली. ती नोकरी गेली तर त्याला सकाळी उठून जायला दुसरी जागा नव्हती. आणि ते गेले तर मलाही नव्हती. हे दुसरं मी स्वतःशी कबूल करायला संध्याकाळ झाली.

टेलिफोन बूथवर जाऊन आईला फोन लावला. जेवलीस का, असं तिनं विचारलं. जेवले म्हणाले. स्थळ आलंय, ती म्हणाली, मिरजेचं. मागं रांगेत लोक उभे होते. मी बरं म्हणून फोन ठेवला. आवाज कसा येतोय तुझा, असं तिनं शेवटी विचारलं होतं, पण त्याचं उत्तर द्यायचं राहून गेलं.

सोमवारी मी गेले तेव्हा काका आधीच सबनीसांच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसले होते. इस्त्रीचा शर्ट घातला होता. मला वाटलं होतं, ते रजा टाकतील. आम्ही दोघं एकत्रच आत गेलो. मी सांगायला सुरुवात केली आणि मध्येच आवाज बसला, तेव्हा काकांनी टेबलावरचा पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवला. मी पाणी पिऊन पुढचं सांगितलं.

सबनीस ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी उठून दार लावून घेतलं आणि काकांना विचारलं, "खरं आहे हे?"

"खरं आहे सर."

"वाचलेले मासे मारवत नव्हते, तर मला सांगायचं होतं. दुसऱ्या कुणाला दिलं असतं ते काम."

"दुसऱ्या कुणाला म्हणजे हिलाच," काका म्हणाले.

 सबनीस माणूस वाईट नव्हता, पण घाबरला होता, आणि घाबरलेल्या माणसाकडून दयेची अपेक्षा करण्यात अर्थ नसतो. ज्यांना अहवाल दिले त्या सगळ्यांना कळवावं लागेल, प्रयोगशाळेची मान्यता राहील की जाईल ते देव जाणे, असं ते स्वतःशीच बोलल्यासारखं बोलले. काकांना म्हणाले, राजीनामा द्या, मी त्यात कारण लिहायला लावत नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाले, की दोन्ही टाक्या आजच्या आज रिकाम्या व्हायला हव्यात, एक मासा राहता कामा नये.

"मी करतो सर," काका म्हणाले. "एवढं मला करू द्या."

दुपारी आम्ही दोघं मागच्या अंगणात होतो. मी जायला निघाले, सवयीनंच. त्यांनी मला थांबवलं.

"आज चहा नको. आता तुला शिकायला हवं."

कपाटाच्या तळातून त्यांनी ती बाटली काढली. बूच घट्ट बसलं होतं, त्यांना ते दातांनी ओढावं लागलं. वास आला तेव्हा त्यांनी तोंड फिरवलं नाही. थोडं तेल स्पिरिटमध्ये घोळवून बादलीत कसं मिसळायचं ते दाखवलं. मासे एकदम ओतायचे नाहीत. जाळीत थोडे थोडे घ्यायचे. आधी कमी तेलाच्या पाण्यात, म्हणजे ते घाबरत नाहीत, सुस्तावतात, कलंडतात. कलंडले की थोडं थांबायचं आणि मगच उरलेलं तेल घालायचं.

"घाई केलीस की तडफडतात," ते म्हणाले. "ती घाई आपली असते, त्यांची नसते. संध्याकाळची गाडी चुकली तरी चालेल, पण ही घाई करायची नाही."

मी जाळी भरून देत होते, ते बादलीत सोडत होते.  वाकडी कुठल्या जाळीत गेली ते मी बघितलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. सिमेंटच्या टाकीच्या तळाशी पाणवनस्पतीत पिल्लं दडून बसली होती, ती शोधायला वेळ लागला. त्यांनी बाह्या वर सारून हातानं एकेक बाहेर काढली, एकही राहू दिलं नाही. ऊन कलायला लागलं तेव्हा टाकी रिकामी झाली होती.

"काका, रागावलात माझ्यावर?"

"राग कसला. तू केलंस ते बरोबरच केलंस. कुणी विचारलं तर मीही हेच सांगेन." त्यांनी बादली उपडी केली आणि हात धुवायला लागले. साबण लावला, धुतला, पुन्हा लावला. "फक्त आता घरी जाऊन हे कुणाला सांगू, एवढाच प्रश्न आहे."

मी येते ना, असं मी म्हणाले. ते हसले, नाही म्हणाले नाहीत. शनिवारी मी त्यांच्याकडे गेले, या वेळी मी डबा घेऊन, तर दाराला कुलूप होतं. शेजारच्यांनी सांगितलं, सकाळच्या एसटीनं सामान घेऊन वेंगुर्ल्याला गेले. मला काही निरोप होता का, असं मी विचारलं. नव्हता.

पुढं सगळं व्हायला हवं तसं झालं. सरकारी मत्स्यबीज केंद्रातून नवे मासे आले, त्यांना पाण्याला रुळू दिलं आणि चाचणी पहिल्यापासून घेतली. काकांच्या जागी कुणी नेमलेलं नव्हतं, म्हणून मीच कांडी लावायची, मीच ती खाली ठेवून लिहायचं. दुसऱ्या दिवशीच शेवटच्या दोन टाक्यांतला एकही मासा उरला नव्हता. कारखान्याला त्या औषधाची परवानगी मिळाली नाही. त्यांनी नळ्या साफ करायचा दुसरा काही मार्ग काढला. जुन्या अहवालांबद्दल सगळ्यांना कळवण्यात आलं, सबनीसांना बोलणी बसली, पण प्रयोगशाळा टिकली. साध्या पाण्याच्या टाकीत दहाच्या दहा मासे ठणठणीत होते, नियमाप्रमाणे तेही ठेवायचे नव्हते. मी थोडं तेल, मग थांबणं, मग उरलेलं तेल, असं केलं. घाई केली नाही.

त्यानंतर कधीतरी, काका जाऊन दोनेक महिने झाले असतील, मी बाजारात गेले. पारूनं मला बघून पाटीवरचं ओलं फडकं बाजूला केलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "बाय, त्या तुमच्या काकांनी हापिसातले पैसे खाल्लान म्हणतात. खरं हाय काय?"

गावात असं बोललं जात होतं हे मला माहीत नव्हतं. माणूस एकाएकी नोकरी सोडून जातो तेव्हा लोकांना कारण लागतं, आणि लोकांनी ते आपल्या आपण घडवलं होतं. मला इतका राग आला की मी बाजाराच्या मधोमध तिला सगळं सांगत सुटले. पैशाला त्यांनी हात लावला नाही, म्हणाले. चाचणीतून वाचलेले मासे मारायचे असतात, ते त्यांनी मारले नाहीत, दुसरीकडे नेऊन जगवले, म्हणून त्यांना जावं लागलं.

पारू कोयत्याची धार बघत होती, ती थांबली. "मासा मारला नाय म्हणून नोकरी गेली?"

"हो."

"देवमाणूस म्हणायचा की मग." ती माझ्याकडे बघत राहिली. "आणि सायबाला हे सांगितलान कोणी?"

मी तिला समजावू शकले असते. चिवट मासे, खाडीतले मासे, तुझ्या पाटीतली ही बोय, सगळं सांगता आलं असतं. शब्द ओठांवर आलेही होते. पण तिनं विचारलं होतं ते वेगळंच होतं आणि त्याला एकच उत्तर होतं.

"मी," मी म्हणाले.

तिनं पुढं काही विचारलं नाही. बोय साफ केली, पानात गुंडाळून दिली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

मी कातळपेठेत त्यानंतर बरीच वर्षं काढली. मिरजेचं स्थळ केव्हाच बारगळलं होतं. दर आठवड्याला पारूकडूनच मासे घेत राहिले, आणि तिनं मला कधी शिळी मासळी दिली नाही, वजनात मारलं नाही. पाटीतल्या बोया अजून उड्या मारत असायच्या. फक्त 'बाय' म्हणणं तिनं त्या दिवसापासून सोडलं. फडकं बाजूला करायची आणि माझ्या तोंडाकडे न बघता म्हणायची, "घ्या मॅडम, ताजी हाय, आताच खाडीतनं आलीय."